धावकाचा जोडा आणि ‘मऊपणा’ या शब्दाचा अर्थ

लांब पल्ल्याच्या धावकांत गेली काही वर्षे एक वाद चालू आहे. जाड व मऊ गादीचा जोडा पायास हितकर की अपायकारक, असे त्याचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल. एका पक्षाच्या मते गादी आघात शोषून घेते, सांध्यांचे रक्षण करते आणि श्रम वाचविते. दुसऱ्या पक्षाच्या मते पाऊल हीच निसर्गाने दिलेली गादी असून वरून चढविलेली गादी तिला आळशी बनविते. दोन्ही पक्षांजवळ अनुभव आहे व प्रयोगांचे आधारही आहेत. इतके असूनही वाद मिटत नाही, याचे एक कारण भाषेत सापडते. ज्या एका शब्दावर वाद उभा आहे, त्याच्या पोटात तीन वेगळे अर्थ नांदत आहेत.

हा प्रश्न केवळ शहरी हौशी धावकांचा नाही. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यासारख्या शिक्षणकेंद्रात सातपुड्याच्या पाड्यांतून आणि तापीकाठच्या गावांतून विद्यार्थी येतात. त्यांपैकी अनेकांच्या दृष्टीने धावणे हा नोकरीचा मार्ग आहे. महाराष्ट्रातील पोलीस शिपाईपदाच्या अलीकडच्या भरतींत शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण पुरुषांना १६०० मीटरच्या आणि स्त्रियांना ८०० मीटरच्या धावेस ठेवलेले आढळतात. ज्याची पावले अनवाणी वाढली, त्याने घरच्या तुटपुंज्या पैशातून महागडा जोडा घ्यावा की नाही, हा त्याच्यापुढील रोकडा प्रश्न होय.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीतील ‘वहाण’ हा शब्द संस्कृत ‘उपानह्’ यापासून आला, आणि ‘अनवाणी’ या शब्दात त्याच उपानहाचा अभाव सांगितला आहे. ‘पायताण’ हा ‘पादत्राणा’चा तद्भव. त्यात ‘त्राण’ म्हणजे रक्षण हा अर्थ स्पष्ट आहे. काटा, खडा, चटका आणि विंचू यांपासून पायाचे रक्षण करणे हे पायताणाचे मूळ प्रयोजन. आघात शोषणे वा गती वाढविणे हे अर्थ त्या शब्दात नव्हते. ते आधुनिक कारखान्यांनी जोड्यास जोडले, आणि त्यांसाठी ‘गादी’ व ‘मऊपणा’ हे बिछान्याचे शब्द उसने घेतले गेले. बिछान्याची गादी निजलेल्या देहासाठी असते. धावणारे पाऊल मात्र प्रत्येक किलोमीटरला हजाराच्या आसपास वेळा जमिनीवर आदळते आणि दर वेळी देहाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका जोर सोसते. एकाच शब्दाने दोन्ही अवस्थांचे वर्णन केल्याने घोटाळा अटळ होतो.

जोड्याच्या ‘मऊपणा’त तीन गुण एकत्र आलेले असतात. पहिला गुण जाडीचा, म्हणजे पाऊल व जमीन यांमधील अंतराचा. दुसरा दबण्याचा, म्हणजे भाराखाली तळ किती खचतो याचा. तिसरा उसळीचा. दबताना साठलेल्या ऊर्जेपैकी किती ऊर्जा तळ परत देतो, हे या तिसऱ्या गुणावरून कळते. जाड तळ कठीण असू शकतो. मऊ तळ ओल्या मातीप्रमाणे ऊर्जा गिळून टाकू शकतो, आणि दुसरा तितकाच मऊ तळ रबरी चेंडूप्रमाणे ती परतही करू शकतो. ‘गादीदार जोडा चांगला’ किंवा ‘वाईट’ असे विधान यांपैकी कोणत्या गुणाविषयी आहे हे सांगितल्यावाचून त्याची परीक्षाच करता येत नाही.

अनवाणी पक्ष इतिहासाचा दाखला देतो, आणि त्यात महाराष्ट्राचा व सीमाभागाचा वाटा आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत ग्रामीण धावपटू अनवाणी धावताना पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि तेथूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदी खेळाडू पाठविण्याच्या खटपटीस वेग आला. त्या संघातील बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. पुढे १९६० साली रोम येथे इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी अनवाणी धावून सुवर्णपदक जिंकले. भारताचे शिवनाथ सिंग हेही अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी १९७८ साली जालंधर येथे नोंदविलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चाळीसहून अधिक वर्षे अबाधित राहिला.

तथापि या उदाहरणांवरून काढायचा निष्कर्ष मर्यादितच असला पाहिजे. उत्तम धावण्यास जोडा अपरिहार्य नाही, एवढेच त्यांवरून सिद्ध होते. जोडा निरुपयोगी आहे, हे सिद्ध होत नाही. बिकिला यांनीच १९६४ साली टोकियो येथे जोडा घालून दुसरे सुवर्णपदक मिळविले, आणि त्यांची वेळ रोमच्या वेळेहून सुमारे तीन मिनिटांनी कमी होती. तेथेही सारे श्रेय जोड्यास देणे चूक ठरेल, कारण मार्ग, हवा व चार वर्षांची तयारी या गोष्टी मध्ये होत्याच.

प्रयोगांकडे वळल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनिएल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखविले की, अनवाणी धावण्याची सवय असलेले धावक बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाचेवर उतरणाऱ्याला बसणारा पहिला तीव्र धक्का त्यांना फारसा बसत नाही. परंतु चवड्यावर उतरल्याने भार नाहीसा होत नाही. तो पोटरी व टाचेची कंडरा यांच्याकडे सरकतो. सवय नसलेल्या माणसाने एकाएकी जोडा टाकून दिल्यास पोटरी व पावलाची हाडे दुखावतात, याचे कारण हेच.

गादीच्या पक्षाचे बळ श्रमाच्या हिशोबात आहे. प्रत्येक जोड्याचे वजन १०० ग्रॅमने वाढले की धावण्यास लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्याने वाढते. या न्यायाने अनवाणी धावणे सर्वांत स्वस्त पडावयास हवे. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हलका गादीदार जोडा अनवाणी धावण्याहून महाग ठरला नाही. जे काम गादी करीत होती ते अनवाणी धावकाच्या स्नायूंना करावे लागते, आणि त्याची किंमत वजनाच्या बचतीइतकी होते, असा त्याचा उलगडा करण्यात आला. पुढे नवीन प्रकारचा फोम व कार्बनची पट्टी असलेला जोडा आला. त्याचा तळ साठविलेल्या ऊर्जेपैकी ८७ टक्के ऊर्जा परत देतो व श्रमात सरासरी ४ टक्के बचत होते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. ही किमया दबणे व उसळी या गुणांच्या जोडीची होती. केवळ मऊपणाने ती साधली नसती.

याउलट केवळ जाड व मऊ गादीने धक्का कमी होतोच असे नाही. धावणाऱ्याचा पाय स्प्रिंगेप्रमाणे वागतो. पृष्ठभाग मऊ लागला की शरीर नकळत पाय ताठ करते आणि पृष्ठभाग कठीण लागला की सैल सोडते. २०१८ साली फिनलंडमधील संशोधकांनी १२ धावकांवर केलेल्या प्रयोगात ताशी १४.५ किलोमीटर वेगाने धावताना अतिजाड गादीच्या जोड्यात पहिला धक्का नेहमीच्या जोड्याहून अधिक आढळला. परंतु धक्का म्हणजे दुखापत नव्हे. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावकांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कठीण तळाच्या गटात दुखापतींचा धोका सुमारे दीडपट निघाला. विशेष हे की मऊ तळाचा लाभ वजनदार धावकांऐवजी हलक्या धावकांत दिसून आला. लोकसमज याच्या नेमका उलट आहे. २०२२ साली कॉक्रेन संस्थेने १२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कोणत्याही एका प्रकारच्या जोड्याने दुखापती टळतात असे म्हणण्यास पुरेसा भक्कम पुरावा हाती लागला नाही.

स्पर्धांच्या नियमकर्त्यांनाही हा शब्दभेद मान्य करावा लागला. जागतिक संघटनेने २०२० साली रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत व ताठ पट्टी एकच, अशी मर्यादा घातली. २०२१ साली व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये प्रथम आलेला धावक तळ १० मिलिमीटर अधिक जाड असल्याने बाद ठरला. मऊपणा हा शब्द नियमात बसविता येत नाही. जाडी मात्र मोजपट्टीने मोजता येते.

आता लोणखेड्याच्या विद्यार्थ्याकडे परत येणे योग्य होईल. १६०० मीटरची परीक्षा पाच-साडेपाच मिनिटांत संपते. तिची तयारी मात्र कित्येक महिने चालते, आणि दुखापत बहुधा तयारीतच होते. अनवाणी वाढलेल्या पावलाला चवड्यावर उतरण्याची सवय असते, ती त्याची मिळकत होय. जाड जोड्यासाठी ती एका दिवसात मोडणे जितके चूक, तितकेच बूट घालून वाढलेल्याने कोणाचे ऐकून एका दिवसात अनवाणी होणे चूक. बदल करावयाचाच असेल तर तो आठवड्यांच्या हिशोबाने, थोड्या थोड्या अंतराने करावा. काळ्या मातीच्या वाटेवर बाभळीचा काटा असतो व डांबरी रस्ता उन्हाळ्यात तापतो, तेव्हा पायताणाचे मूळ काम, म्हणजे रक्षण, ते विसरता येत नाही. त्यासाठी साधा, हलका, पायाला बरोबर बसणारा व न चावणारा जोडा पुरतो. पट्टी व विशेष फोम यांची किंमत भरण्यापूर्वी त्यांचा लाभ मुख्यतः लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी पारखला गेला आहे, हे ध्यानात असावे.

सारांश, ‘गादी हवी की नको’ हा प्रश्न उत्तर देण्याजोगा नाही, कारण तो एक प्रश्न नाही. जाडी किती, दबणे किती, उसळी किती, पाऊल कोणत्या सवयीचे, पल्ला किती आणि वाट कसली, अशी त्याची फोड केली म्हणजे दोन्ही पक्षांतील बरेचसे अंतर नाहीसे होते. जे उरते ते प्रयोगाने ठरविण्याजोगे असते, आणि त्याचा काही भाग धावकाला स्वतःच्या पायावरूनच ठरवावा लागतो.