हरवलेल्या वायूची वजाबाकी

पाकिस्तानात घरोघरी ओट्यावर जो गॅस पेटतो, त्याला लोक ‘सुई गॅस’ म्हणतात. ही शिवणाची सुई नव्हे! सुई हे बलुचिस्तानातलं गाव. १९५२ साली तिथे जमिनीखाली वायूचा प्रचंड साठा सापडला आणि १९५५ मध्ये तो नळातून थेट कराचीला पोचला. आज त्या देशातलं वायूच्या नळांचं जाळं लाख किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. पृथ्वीला दोन वेढे घालूनही नळ उरेल!

आता एक साधा हिशेब करू. शहराच्या वेशीवरचा मीटर सांगतो, आत किती वायू गेला. घराघरांतल्या मीटरांची बेरीज सांगते, किती वापरला गेला. दोन्ही आकडे जुळायला हवेत ना? जुळत नाहीत. काही वर्षी तर दक्षिणेकडच्या जाळ्यात शंभरातले दहापेक्षा जास्त भाग बेपत्ता निघाले. मग गेला कुठे हा वायू?

पहिला संशय भोकांवर. ओलसर, खारट मातीत पुरलेला लोखंडी नळ म्हणजे नकळत तयार झालेली बॅटरीच. वीज वाहते आणि लोखंड गंजत जातं. त्यावरचा उपाय हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये शोधला, तोही ब्रिटिश युद्धनौकांच्या तांब्याच्या तळासाठी! नळाशेजारी मॅग्नेशियमचा गोळा पुरायचा आणि तारेने नळाला जोडायचा. मग गंज चढतो तो गोळ्यावर. नळाच्या वाट्याचं मरण तो स्वतःवर ओढवून घेतो. नवा नळ तर प्लॅस्टिकचाच. मुंबई-पुण्यात रस्ता खणताना दिसतो तसा. त्याला गंज माहीतच नाही.

पण सुईच्या टोकाएवढं भोक शोधायचं कसं? या वायूत मुख्यतः असलेल्या मिथेनला रंग नाही, वासही नाही. आपल्याला येतो तो ‘गॅसचा वास’ मुद्दाम मिसळलेल्या दुसऱ्याच रसायनाचा, आणि मातीतून वर येताना तोही कधी कधी शोषला जातो. अशा वेळी चुगली कोण करतं? गवत! गळणारा वायू मातीतल्या हवेची जागा घेतो, मुळं गुदमरतात आणि हिरवळीत पिवळा डाग पडतो. शिवाय मिथेन इन्फ्रारेड प्रकाशाचा एक ठरावीक ‘रंग’ गिळतो. त्या रंगाचा लेसर तीस मीटरवरच्या भिंतीवर मारा. परतलेला प्रकाश फिका पडला, तर वाटेत मिथेन आहे!

आणि काहीही न खणता गळती कमी करायची? रात्री चुली थंड असतात, तेव्हा नळातला दाब थोडा उतरवायचा. भोकं तीच राहतात, पण त्यांतून जाणारा वायू घटतो.

दुसरा चोर तर चोरच नव्हे. मीटर मोजतो आकारमान, आणि वायू उन्हात फुगतो. १५ अंशांवर १०० लिटर भरलेला वायू ३५ अंशांवर सुमारे १०७ लिटर होतो. थंडीत तो आकसतो. मग तेवढ्याच आकड्यात जास्त वायू घरात जातो आणि कंपनीला ‘तूट’ दिसते! समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरहून उंच असलेल्या क्वेट्ट्यात हवेचा दाबच कमी. तिथे वायू विरळ होतो आणि मीटर जादा आकडा दाखवतो. तापमान-दाबाची दुरुस्ती केली नाही, तर कुठे न हरवलेला वायूही हरवतो, तर कुठे हरवलेला लपून राहतो.

तिसरा चोर मात्र खराखुरा. कोणी मीटरला बगल देतं, कोणी परस्पर नळ जोडतं. त्याला आवर घालायला तिथे २०१६ मध्ये वेगळा कायदाच करावा लागला.

मग तिघांना ओळखायचं कसं? शहराची एकच मोठी वजाबाकी करण्याऐवजी मोहल्ल्यामोहल्ल्याच्या छोट्या वजाबाक्या करायच्या. प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी एक मीटर बसवला, की तूट कोणत्या गल्लीत लपली आहे ते कळतं. तूट रात्रंदिवस सारखी असेल तर भोक, ऋतूबरोबर बदलत असेल तर तापमान, आणि स्वयंपाकाच्या वेळीच वाढत असेल तर शेजारी!

वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता अडकवतो. म्हणजे बुजवलेलं प्रत्येक भोक साऱ्या पृथ्वीच्या कामी येतं. पण त्याआधी ते गल्लीच्या कामी येतं. पाकिस्तानात हिवाळ्यात पुष्कळ घरांना जेवणाच्या वेळांपुरताच गॅस मिळतो. अशा वेळी कोपऱ्यावरचं ते एवढंसं भोक ठरवतं, शेवटच्या घरातली रोटी फुगणार की नाही.