गव्हाचा आजार आणि जीनची तपासणी



वस्तीतल्या एखाद्या घरी असे चित्र दिसते. मुलगी बारा वर्षांची, पण उंची आठ-नऊ वर्षांच्या पोरीएवढी. पोट फुगलेले, अधूनमधून जुलाब, चेहरा पांढुरका. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, "नीट जेवत नाही," "आईचं लक्ष नाही." कारणे अनेक असू शकतात, पण काही मुलांच्या बाबतीत ते ताटातल्या चपातीत असते. त्या आजाराचे नाव सिलिॲक.

गहू आणि जव या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सिलिॲक असलेल्या माणसाने ते खाल्ले की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतले मखमलीसारखे अस्तर झिजते. मग खाल्लेले अंगी लागत नाही, गोळीतले लोहही नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीतही या आजाराची मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगली. डॉ. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता, तो यातून बळावला.

जीन असला म्हणजे आजार झाला का?

नाही. सिलिॲक होण्यासाठी डीक्यू२ किंवा डीक्यू८ या दोनपैकी निदान एक जीन अंगात असावा लागतो. पण हे जीन शंभरातल्या तीस-चाळीस माणसांत असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशाच्या तीन भागांतले २३ हजारांहून अधिक लोक तपासले गेले. हे जीन उत्तरेत शंभरात सुमारे ३८ आणि दक्षिणेत सुमारे ३६ जणांत आढळले, म्हणजे जवळपास सारखेच. पण या आजाराच्या खुणा रक्तात सापडल्या त्या उत्तरेत शंभरात एकाहून थोड्या जास्त आणि दक्षिणेत हजारात एकाला. मोठा फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोजचा गहू सुमारे ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम.

बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला ठाऊक आहे : हे असेल तर ते होते. एकट्या जीनने आजार होत नाही, एकट्या गव्हानेही होत नाही. कारणे जुळून यावी लागतात. शिरूरच्या कोरडवाहू गावांत बाजरीची भाकरी हेच मुख्य अन्न होते. आता शिरूर काय, दौंड काय, रेशनचा गहू घरोघरी येतो आणि सकाळी चहाबरोबर बिस्किट-खारी असते. त्यामुळे हा आजार माहीत असायला हवा.

अहवाल कसा वाचावा?

थोड्या रक्तावर किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर ही तपासणी होते. दोन्ही जीन नाहीत असे आले, तर सिलिॲक नाही आणि पुढेही होणार नाही हे जवळजवळ नक्की. जीन आहे असे आले, तर एवढेच कळते की आजार होऊ शकतो. तेवढ्यावरून गहू सोडू नये.

म्हणून पहिली तपासणी जीनची नव्हे. आधी टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी करतात. तिच्यात दोष आढळला तर बहुधा दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा घेऊन तपासतात. या दोन्ही तपासण्या होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू बंद केला की खुणा पुसट होतात आणि आजार असूनही अहवाल चांगला येतो. जीन मात्र खाण्याने बदलत नाही. म्हणून ज्याने आधीच गहू सोडला आहे किंवा ज्याचे निदान अडले आहे, त्याला जीनची तपासणी उपयोगी पडते.

रुग्णाची सख्खी भावंडे, आईवडील आणि मुले यांनाही तिचा उपयोग होतो. त्यांच्यात शंभरातल्या सात ते दहा जणांना हा आजार असू शकतो. जीन नसेल तर पुन्हा पुन्हा रक्त तपासण्याचा खर्च वाचतो. ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते.

दोष कोणाचा?

कोणाचाच नाही. हा जीन आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. सुनेला बोल लावू नका, या कागदावरून मुलीची सोयरीक मोडू नका. जन्मावरून माणसाचे भविष्य ठरते हा विचार बाबासाहेबांनी आपल्याला नाकारायला शिकवला. तो प्रयोगशाळेच्या अहवालातून परत घरात घेऊ नये.

निदान झाले तर

यावर गोळी नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, हाच उपचार. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे बंद. खपली गहूसुद्धा गहूच, तोही चालत नाही. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, पाकीट वाचून घ्या. बाजरी, ज्वारी, नाचणी, तांदूळ, मका, डाळी, अंडी, मासे, मटण सगळे चालते. गिरणीत गव्हावर लगेच आपले दळण घालू देऊ नका. शक्यतो घरच्या जात्यावर दळा. परात, पोळपाट, तवा वेगळा ठेवा.

जयंतीच्या पंगतीत पुरी आणि शिरा असेल, तर त्या लेकरासाठी वेगळ्या भांड्यात भात-वरण काढून ठेवा. बुद्धपौर्णिमेची तांदळाची खीर त्याला सर्वांबरोबर खाता येते.

रक्त वाढत नसेल, जुलाब थांबत नसतील, मूल खुंटले असेल, तर आशाताईंना सांगा. शिरूर किंवा दौंडच्या सरकारी दवाखान्यात जाऊन "सिलिॲक तर नाही ना?" असे स्पष्ट विचारा. गरज पडल्यास चिठ्ठी घेऊन पुण्याला ससूनला जा. वेळेवर गहू सुटला तर आतडे भरून येते आणि खुंटलेले लेकरू पुन्हा वाढीला लागते.