आराखडा आणि बांधकाम एकाच हाती?

प्रथम आराखडा, मग अंदाजपत्रक, मग निविदा आणि अखेरीस बांधकाम, हा रस्तेबांधणीचा जुना शिरस्ता. आराखडा करणारा एक आणि बांधणारा दुसरा. त्यामुळे जागेवर अनपेक्षित खडक लागला की काम थांबते, जादा खर्चाचे दावे होतात आणि दोष कोणाचा हा वाद लवादाकडे जातो. यावर उपाय म्हणून दोन्ही जबाबदाऱ्या एकाच कंत्राटदारावर सोपविण्याची पद्धत पुढे आली. आपल्याकडे ती 'ईपीसी' नावाने रूढ असून मुंबई-गोवा महामार्गाच्या अनेक टप्प्यांसाठी तिचाच अवलंब झाला. तरीही २०११ साली आरंभिलेल्या या चौपदरीकरणाची रखडकथा सर्वश्रुत आहे.

दोष पद्धतीचा की ती राबविणाऱ्यांचा? अमेरिकेतील मिनियापोलिस येथे १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीवरील पूल कोसळून १३ माणसे मृत्युमुखी पडली. सांध्यांवरील पोलादी पत्रे मूळ आराखड्यातच अपुऱ्या जाडीचे धरले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. नवा पूल एकत्रित पद्धतीने बांधण्यात आला; पायाचे काम चालू असतानाच वरच्या भागाची रेखाटने पूर्ण होत होती. १८ सप्टेंबर २००८ रोजी, मुदतीच्या तीन महिने आधी, तो वाहतुकीस खुला झाला.

या यशातील मर्म मात्र निराळेच आहे. चार निविदांपैकी सर्वाधिक रकमेची निविदा गुणवत्तेच्या निकषावर स्वीकारली गेली. तिला न्यायालयात आव्हान देण्यात आले. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवड वैध ठरविली. शिवाय सरकारी अभियंते प्रत्येक रेखाटन तयार होत असतानाच तपासत होते.

आपल्याकडे किमान पात्रता सिद्ध झाली की सर्वात कमी बोलीच्या गळ्यात माळ पडते. स्वस्तात काम घेतलेल्या कंत्राटदाराच्याच हाती आराखडा असेल, तर काटकसरीचा मोह तेथूनच सुरू होतो. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी याच महामार्गावर चिपळूण येथे बांधकामाधीन उड्डाणपुलाचा भाग कोसळला आणि पुढे त्याचा आराखडाच बदलावा लागला. तो आधी कोणी व किती कसून तपासला होता, हा प्रश्न म्हणूनच अटळ ठरतो.

आराखडा आणि बांधकाम खुशाल एकत्र यावेत. बांधणारा आणि तपासणारा मात्र एक होता कामा नये. शासनाने आराखड्याचे काम कंत्राटदाराकडे दिले, म्हणून तो जाणण्याचे कर्तव्य संपत नाही. किंबहुना ते वाढते.