पंचवीस टक्के ओलावा म्हणजे किती?

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात पाणी कधी द्यायचे, हे आता मोबाइलही सांगू लागला आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर यांच्या नोंदींवरून शेतकऱ्याला सल्ला मिळतो. मात्र मोजमाप कितीही अचूक असले, तरी वाचणारा त्याचा अर्थ काय लावतो, यावर पुढचे सारे ठरते.

समजा, एखाद्या अ‍ॅपवर ‘ओलावा २५ टक्के’ असे दिसले. टक्के म्हटले की मोबाइलची बॅटरी आठवते : १०० म्हणजे भरलेली, २५ म्हणजे संपत आलेली. मातीचे तसे नसते. हा आकडा मातीच्या एकूण आकारमानात पाणी किती, ते सांगतो. मातीचे कणही जागा व्यापतात. त्यामुळे भारी काळे रान तुडुंब भिजले तरी आकडा साधारण पन्नाशीच्या आसपासच थांबतो. शिवाय चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते. म्हणून २५ टक्क्यांना काळ्या रानातले पीक सुकू लागू शकते, तर हलक्या वाळूसर रानात तेवढ्यात पाणी पुरून उरते.

टेन्सिओमीटरची तऱ्हा आणखी वेगळी. पाणी ओढून घ्यायला मुळांना किती जोर लावावा लागेल, याचा अंदाज तो देतो. माती जितकी कोरडी, तितका आकडा मोठा. टाकीची पातळी समजून तो वाचला, तर तहानलेले रान कोरडे राहील आणि भिजलेल्या रानात पुन्हा पाणी सुटेल.

वस्तू कशी चालते याचे एक चित्र वापरणाऱ्याच्या मनात असते. ते यंत्राच्या खऱ्या कामाशी जुळले नाही की चुका होतात, आणि दोष वापरणाऱ्यापेक्षा रचनेचा असतो, असे डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या पुस्तकात मांडले. त्याआधी १९८१ मध्ये झेरॉक्सच्या ‘स्टार’ संगणकाने पडद्यावर टेबल, कागद आणि फोल्डर आणले होते. कचेरीतल्या माणसाला ते ओळखीचे होते.

शेतातला असा ओळखीचा शब्द म्हणजे वाफसा. मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळतील अशी मातीची स्थिती. नुसत्या टक्क्यांऐवजी त्या रानाच्या मातीप्रमाणे ‘ओल जास्त’, ‘वाफसा’, ‘पाणी द्या’ असे दाखवले, तर अर्थ लगेच कळतो. अर्थात वरची माती वाफशावर दिसली तरी खाली ओल साचलेली असू शकते. म्हणून मुळांच्या खोलीवरची स्थितीही वेगळी दाखवावी लागते.

दुसरी अडचण पाळीची. ‘आज पाणी द्या’ हा सल्ला घरच्या नळासारखा, हवे तेव्हा पाणी मिळते असे गृहीत धरतो. नीरा डाव्या कालव्यावर पाणी आवर्तनाने येते. पुढचे आवर्तन कधी, हे सल्ल्यात धरले नसेल, तर शेतकरी मिळाले तेव्हा भरपूर पाणी सोडून ठेवणार. जादा पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे कालव्याखालच्या जमिनी क्षारपड होतात.

त्यामुळे असे अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ‘वापरायला सोपे वाटले का?’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘हे पाहून आता रानात काय कराल?’ हे शेतकऱ्याला विचारले, तरच त्याच्या मनातले चित्र कळेल.