दारू पिऊन पकडलं, आता विमा मिळेल?

‘ड्रंक अँड ड्राइव्ह’च्या केसमध्ये दोषी ठरलं, की पुढे गाडीचा विमाच मिळत नाही, असं कट्ट्यावर कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच. तसं काही नसतं बरं का! थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं, बाइकच्या सीसीवरून. तुमच्यावरच्या केसमुळे तो एक रुपयाही वाढत नाही.

खरी मेख पुढे आहे. पॉलिसी हातात असली, तरी पिऊन गाडी ठोकलीत तर तिच्या दुरुस्तीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ब्रेथ टेस्ट झालीच नाही म्हणून सुटू, असंही समजू नका. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्श उलटून जळाली. टेस्ट झालेली नव्हती, तरी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

कोर्टाने लायसन्स निलंबित केलं असेल, तर त्या काळात बाइकला हातही लावू नका. तेव्हा अपघात झाला, तर तुम्ही प्यायलेले नसलात तरी क्लेम अडकतो.

आणि ज्याला धडक बसली, त्याचं काय? त्याला कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बाइकवर ते बाबांचं असतं.