रात्रीची नोकरी

आपल्या नाटे गावचा मुलगा पुण्यास हिंजवडीला नोकरीला लागतो. रात्री काम करतो, दिवसा झोपतो. घरी म्हातारी विचारते, "ही कसली रे बाबा नोकरी?"

आपण पाहू. हंगामात होडीवाल्याला सवड नसते. फाटलेले जाळे तो दुसऱ्याकडे शिवायला देतो. जाळे त्याचे, मेहनत दुसऱ्याची. अमेरिकेतल्या बँका असेच करतात. हिशेब, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, संगणकाची कामे त्या आपल्या देशात देतात. अशी कामे घेणारी टी.सी.एस. ही कंपनी १९६८ साली मुंबईत निघाली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात.

काम येते कसे? समुद्राच्या तळाशी तारा घातल्या आहेत. त्या मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. आणि रात्र का? उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ होतात, तेव्हा न्यूयॉर्क शहरात भर दुपारचे बारा वाजलेले असतात.

इथे मजुरी कमी, म्हणून काम आले. दुसरीकडे स्वस्तात झाले, की तिकडे जाईल. यंत्रेही आता हे काम शिकत आहेत. म्हणून मुलाने नोकरी लागली तरी शिकणे सोडू नये.

आणि आपण? नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नयेत. नेमणुकीचे पत्र मागावे. पगार किती, सुट्टी किती, ते स्वतः वाचावे. आता आपल्याला वाचता येते ना?