जीवनमान मोजायचे तर रमाबाई नगरापासून मोजा!

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये देशातील १११ शहरांचा 'सुलभ जीवन निर्देशांक' जाहीर केला. पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. पहिले तिन्ही क्रमांक महाराष्ट्राचे म्हटल्यावर राज्यकर्त्यांनी आपली पाठ थोपटून घेतली. मार्च २०२१ मध्ये दुसरी यादी आली. मोजणीची पद्धत बदललेली होती. दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत आता बंगळुरू पहिले आले आणि बृहन्मुंबई दहाव्या क्रमांकावर गेली. अडीच वर्षांत मुंबईच्या नळाचे पाणी, गटारे आणि दवाखाने सात पायऱ्या खाली उतरले होते काय? नाही. फुटपट्टी बदलली होती. म्हणूनच आमचा प्रश्न क्रमांकाचा नाही, फुटपट्टीचा आहे. ती कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या दारापर्यंत पोहोचते?

जागतिक पातळीवर अशा याद्या दरवर्षी निघतात. त्यांतील गाजलेली मर्सर या सल्लागार कंपनीची यादी मुळात बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आहे. परदेशी नेमलेल्या अधिकाऱ्याला कोणत्या शहरात किती गैरसोय होईल आणि त्यापोटी किती भत्ता द्यावा, हे ठरवण्यासाठी ती वापरतात. म्हणजे शहर मोजले जाते ते तिथे बदलीवर येणाऱ्या साहेबाच्या नजरेतून. तिथली गटारे साफ करणाऱ्या कामगाराच्या नजरेतून नव्हे. गंमत अशी की, या यादीत वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्या व्हिएन्ना शहराने १९२० च्या दशकापासून कामगारांसाठी सरकारी घरे बांधली आणि आजही तिथले निम्म्याच्या आसपास लोक नगरपालिकेच्या वा अनुदानित घरांत राहतात. आपले राज्यकर्ते व्हिएन्नाचा क्रमांक सांगतात, घरांचा इतिहास सांगत नाहीत.

आता आमच्या घाटकोपरकडे या. येथे एका बाजूला गारोडिया नगर आहे, टिळक रोडची दुकाने आहेत. दुसऱ्या बाजूला कामराज नगर आहे, माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. पश्चिमेला टेकडीवर चढत गेलेल्या वस्त्या आहेत. अण्णाभाऊ साठे ज्या चिराग नगरात राहिले, ते याच घाटकोपरात. २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंतचा प्रवास सोपा झाला, हे आम्ही नाकारत नाही. पुढे २०१७ च्या अखेरीस असल्फाच्या टेकडीवरील घरांच्या भिंती स्वयंसेवकांनी रंगवल्या. मेट्रोतून वस्ती सुंदर दिसू लागली. रंगाला आमचा विरोध नाही. पण भिंतीला रंग लागला म्हणजे घरात नळ आला असे होत नाही.

नळाचाच हिशेब घ्या. मुंबईत पाण्याचे नियोजन करताना झोपडपट्टीसाठी माणशी दररोज ४५ लिटर धरले जातात आणि इमारतीत राहणाऱ्यासाठी १३५ लिटर वा त्याहून अधिक. एका माणसाला ४५ आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला १३५, म्हणजे सरासरी ९० लिटर. कागदावर आकडा बरा दिसतो. परंतु ९० लिटर पाणी दोघांपैकी एकालाही मिळत नाही! २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. एवढ्या माणसांची तहान सरासरीच्या आड लपवता येते, ही या मोजणीची खरी करामत आहे.

शहराचा एकच आकडा न काढता प्रभागनिहाय मोजले की चित्र कसे पालटते, याचा दाखला खुद्द महापालिकेनेच दिला आहे. मुंबईच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात घाटकोपरला लागून असलेला गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. त्याचा निर्देशांक होता ०.०५, जिथे पूर्ण गुण १ असतो. तोच अहवाल मुंबईचा, तीच महापालिका, तोच अर्थसंकल्प. पण शहराचा कचरा जिथे नेऊन टाकला जातो, तिथल्या माणसाच्या वाट्याला आलेले जीवन एकदा तरी आकड्यात उमटले.

सुरक्षिततेचेही तसेच. निर्देशांकात सुरक्षितता मोजायची म्हणजे नोंदलेले गुन्हे मोजायचे. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रमाबाई नगरातील जनता रस्त्यावर आली, तेव्हा राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार समर्थनीय मानला नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. राज्यसंस्थेपासूनची सुरक्षितता कोणत्या रकान्यात भरायची? जुलै २००० मध्ये घाटकोपर पश्चिमेच्या आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसे गाडली गेली. १३ मे २०२४ रोजी छेडा नगरजवळच्या पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ जण मेले. चाळीस फुटांची मर्यादा असताना तो फलक १२० फूट लांब आणि १२० फूट उंच होता. टेकडीच्या उतारावर घर बांधायला कोणाला हौस नसते. शहराला त्याचे श्रम हवे असतात, मात्र त्याला जागा द्यायची नसते, म्हणून तो तिथे जातो.

काही विद्वान म्हणतील, अनधिकृत वस्तीचे जीवनमान मोजायचेच कशाला? त्यांना कायद्याने उत्तर दिलेले आहे. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात समाविष्ट असल्याचे सांगितले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले की, झोपडी बेकायदेशीर असली तरी तिच्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. म्हणजे 'जीवनमान' ही सरकारची कृपा नाही. तो आमचा घटनादत्त हक्क आहे, आणि हक्काची मोजणी ज्याला तो सर्वांत कमी मिळाला त्याच्यापासून सुरू झाली पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. मताच्या पेटीत रमाबाई नगर आणि मलबार हिल यांचे मोल सारखे. नळावर मात्र नाही. तथागतांनीही आधी दुःख आहे हे मान्य करायला शिकवले, मग त्याचे कारण, मग निवारण. आमच्या शासनकर्त्यांचा निर्देशांक पहिली पायरीच गाळतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये पुढच्या जनगणनेत जातनिहाय गणनेचा निर्णय जाहीर केला. जनगणनेच्या घरयादीत पाणी, शौचालय, खोल्या, सांडपाणी यांची नोंद होतेच. ही दोन्ही माहिती एकत्र करून प्रभागनिहाय आणि वस्तीनिहाय प्रसिद्ध करा. ७४ व्या घटनादुरुस्तीने दिलेल्या प्रभाग समित्यांपुढे ती दरवर्षी ठेवा. रमाबाई नगराचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करीत आहेत. तिथे ३०० चौरस फुटांचे घर दिले म्हणजे जीवनमान दिले, असा हिशेब आम्ही मान्य करणार नाही. खिडकीतून ऊन येते का, लिफ्ट चालते का, देखभालीचा खर्च झेपतो का, किती कुटुंबे अपात्र ठरून बाहेर फेकली गेली, हेही मोजले पाहिजे.

आणि सरकार मोजणार नसेल तर आपण मोजू. स्वच्छ भारत अभियानाचाच निकष आहे: सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक शौचकूप. प्रत्येक बुद्धविहारातील चार तरुण-तरुणींनी वही घेऊन आपल्या वस्तीतील शौचकूप मोजावेत, नळाला पाणी किती वाजता येते आणि किती मिनिटे राहते ते महिनाभर लिहावे, राजावाडी रुग्णालयात पोहोचायला रात्री किती वेळ लागतो ते टिपावे. मग माहितीच्या अधिकारात महापालिकेचा आकडा मागवावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. त्यांत जो फरक निघेल, तो घेऊन आम्ही वकील मंडळी न्यायालयात उभे राहायला तयार आहोत.